अंगकाठी बारीक, तरी शुगर बॉर्डरला कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ६.१ आणि उपाशीपोटीची शुगर १०४ आली. वडिलांना मधुमेह आहे. तुम्ही गोड फारसं खात नाही, दारू-सिगारेट नाही. कॉलेजात वजन ५३ होतं, नोकरी आणि लग्नानंतर ‘तब्येत सुधारली’ असं घरचे म्हणतात. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ‘वजन कमी करा, सहा महिन्यांनी दाखवा’ एवढंच सांगितलं. आता तुम्ही विचारताय की कमी करायला वजन आहे कुठे? रिपोर्ट चुकला असेल का? गोळी सुरू करावी का? आणि बारीक माणसांचा ‘टाइप ५’ मधुमेह असतो असं वाचलंत, तो हाच का?

मी तालुक्याच्या गावी २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. तुमच्यासारखे रुग्ण माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि बहुतेकांची सुरुवात ‘मी तर बारीक आहे’ अशीच असते. तुम्हाला तपासल्याशिवाय निदान सांगणं योग्य नाही, त्यामुळे जिथे तुमच्या परिस्थितीनुसार उत्तर बदलेल तिथे तसं स्पष्ट लिहिते. पण एक गोष्ट आधीच सांगते. तुमचा खरा प्रश्न ‘मला शुगर कशी झाली’ हा नाही. आजवर तब्येत मोजायला जो वजनकाटा वापरलात तो तुमच्या बाबतीत खरं सांगत नाही, मग लक्ष ठेवायचं कशावर, हा तुमचा प्रश्न आहे.

आधी रिपोर्टबद्दल. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज येतो. हा अंदाज पेशीच्या आयुष्यावर टेकलेला आहे, आणि नेमकी इथेच आपल्याकडे गडबड होते. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा होतो आणि शुगर फारशी वाढलेली नसतानाही आकडा वर दिसतो. शेतात मजुरी करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा एचबीए१सी ६.४ होता आणि त्या पाच महिन्यांपासून शुगरची गोळी घेत होत्या. हिमोग्लोबिन होतं ७.८. गोळी थांबवली, लोह दिलं, रक्त कशामुळे कमी झालंय ते शोधून त्यावर उपचार केले. चार महिन्यांनी आकडा ५.६ आला. पाच महिने त्या बाईंनी भीतीने भात सोडला होता, आणि त्यांची अडचण भाताची नव्हतीच.

उलटही होतं. सिकलसेल असलेल्यांत किंवा लाल पेशी लवकर फुटणाऱ्या इतर आजारांत आकडा खोटा कमी येऊ शकतो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या माझ्या सहकाऱ्यांना हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. नुकतंच रक्त चढवलं असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा गरोदरपण असेल, तरी या एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या. तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलं नाहीत. असाल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याबरोबर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी करून घ्या. ही तपासणी कंटाळवाणी म्हणून मागे पडली आहे, पण तुमच्यासारख्याच्या बाबतीत मी ती आवर्जून करते. दोन तासांची शुगर १४० च्या आत असेल तर निश्चिंतपणे काम करायला वेळ आहे. १४० ते १९९ म्हणजे शरीर जेवणानंतरची साखर हाताळायला कमी पडतंय. २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाचाच आकडा, मग एचबीए१सी काहीही म्हणो. तपासणीआधी तीन दिवस रोजचं जेवण व्यवस्थित घ्या. आदल्या दिवशी चतुर्थीचा उपास केला किंवा पोळी-भात बंद ठेवला तर आकडा खोटा वाढून येतो.

बॉर्डरबद्दलही सांगते. अमेरिकेतल्या निकषांप्रमाणे एचबीए१सी ५.७ ते ६.४ आणि उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेघ ११० वर ओढते, म्हणजे तुमचा १०४ त्यांच्या हिशेबी नॉर्मल. एकाच माणसाचा एकच आकडा एका यादीत आजारी आणि दुसरीत निरोगी, हे बघून लोक गोंधळतात. शरीरात अशी रेघ नसते. धोका हळूहळू चढत जातो, आणि कुठे सावध व्हायचं ते माणसांनी ठरवलेलं आहे. तुमच्या बाबतीत वडिलांचा मधुमेह आणि तिशीतलं वय बघता मी आत्ताच सावध व्हा म्हणेन. तुम्ही एकटेही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि आणखी १५.३ टक्के प्रौढ बॉर्डरला आढळले. गोव्यात तर मधुमेहाचंच प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त.

आता बारीक माणसाला हे का होतं, याकडे येते. याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि मराठी वाचकांना ते कमी माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आया सडपातळ, शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. पण हे ८०० ग्रॅम अंगात सगळीकडून सारखे कमी झाले नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले होते, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचं प्रमाण जास्त, असं हे बाळ जन्मतःच होतं.

हीच गोष्ट मोठ्या माणसांत कशी दिसते ते २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एका छायाचित्रातून दाखवलं गेलं. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मी हे छायाचित्र रुग्णांना दाखवते, कारण माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

तुमचा बीएमआय २१.५ येतो. आशियाई लोकांसाठी २३ च्या वर जादा वजन धरतात, त्यामुळे कागदावर तुम्ही नॉर्मल आहात. पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंत, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रातलं तेच महत्त्वाचं आहे: कॉलेजात ५३ होतं आणि नंतर तब्येत सुधारली. या दहा-बारा वर्षांत तुम्ही तालमीत गेला नाहीत, अंगमेहनतीचं काम केलं नाहीत, खुर्चीवर बसून आठ-नऊ तास काम केलंत. मग हे वाढलेले नऊ किलो कशाचे असतील? स्नायू बसल्या जागी वाढत नाहीत. ती बहुतेक सगळी चरबी आहे, आणि वडिलांकडून आलेली ठेवण बघता ती दंडावर किंवा मांडीवर न जाता पोटात गेली असण्याची शक्यता मोठी आहे. तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढलं, हा आपल्या भाषेतला समज अन्नाच्या टंचाईच्या काळातला आहे. तेव्हा तो बरोबरच होता. आज या दोन शब्दांमुळे कित्येक घरांत धोक्याची पहिली खूण आनंदाने साजरी होते.

शरीरात काय घडतं ते सांगते. जेवल्यानंतर इन्सुलिन जी साखर रक्तातून हलवतं, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात आणि साठवतात. ज्याच्या घरची कणगी लहान, त्याचं धान्य लवकर ओसंडतं. कमी स्नायूंच्या माणसाचं तेच होतं. साठवायला जागा कमी, उरलेल्या साखरेची यकृतात चरबी बनते. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर, गरज नसताना, साखर रक्तात सोडत राहतं. सकाळी तुम्ही काही न खाताही शुगर १०४ दिसते ती यामुळे. ‘रात्री तर काहीच गोड खाल्लं नव्हतं’ असं रुग्ण कळवळून सांगतात. त्यांचं खरं असतं, ती साखर यकृताने दिलेली असते.

यात आणखी एक भाग आहे. आपल्याकडे अनेकांची इन्सुलिन बनवण्याची ताकदच मुळात तोकडी असते. पुण्यात तरुणपणी मधुमेह झालेल्यांच्या अभ्यासात इन्सुलिनची ठळक कमतरता असलेल्यांचा गट सर्वांत मोठा निघाला. एखाद्या गोऱ्या माणसाचं शरीर १०० किलो वजनालाही पुरेल इतकं इन्सुलिन बनवत राहतं, तर आपलं ६२ किलोलाच थकू शकतं. म्हणून ‘तो माझ्या दुप्पट आहे, त्याला काही झालं नाही’ ही तुलना मनातून काढून टाका. ज्याची त्याची मर्यादा वेगळी असते, आणि तुमची मर्यादा कदाचित ५३ आणि ६२ च्या मध्येच कुठेतरी होती.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत: रिपोर्ट बहुधा खरा आहे, पण हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ग्लुकोजची तपासणी करून तो पक्का करा. आणि तुमच्यात वजन जास्त नसलं तरी स्नायू कमी व पोटातली चरबी जास्त असू शकते.

ती आहे का, हे कळायला महागडं यंत्र लागत नाही, शिंप्याकडची फीत पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाच्या खाली सरकवून घालतात, त्यामुळे तो नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. बँकेत काम करणारे एक गृहस्थ मला ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर, असं छातीठोक सांगत होते. फीत लावली तर ९३ सेंटिमीटर भरले. भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीमध्ये ८० च्या वर घेर गेला की धोका धरतात. त्याखेरीज मी एक साधा नियम वापरते: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. तुमच्यासाठी तो ८५ सेंटिमीटर. शिवाय तपासणीच्या कागदांत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) असेल ते बघा. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली, एसजीपीटी वाढलेलं किंवा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असं काही लिहिलेलं असेल, तर चरबी कुठे आहे ते समजलंच.

इथून पुढे उत्तर तुमच्या घेरावर अवलंबून आहे. घेर ८५-९० च्या वर असेल तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी मधुमेह झालेल्या, पण फारसं वजन नसलेल्या २० लोकांचं वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरवलं. यकृतातली चरबी कमी झाली आणि त्यांपैकी १४ जणांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात आला. त्यांचा सरासरी बीएमआय सुरुवातीला २५ च्या जरा खाली होता, तुमच्यापेक्षा बराच वर, त्यामुळे ते जसंच्या तसं तुम्हाला लावणार नाही. पण घेर मोठा असेल तर तीन-चार किलो उतरायला हरकत नाही, तेही व्यायामासकट आणि सावकाश. घेर ८५ च्या आत असेल तर मात्र वजन उतरवण्याच्या मागे लागू नका.

हे मी इतकं ठासून लिहिते त्यामागे एक रुग्ण आहेत. शाळेत शिक्षिका, वजन ५४ किलो, शुगर बॉर्डरला. कुणीतरी वजन कमी करा सांगितलं आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं. रात्रीचं जेवण बंद, दुपारी दोन फुलके आणि भाजी. सात महिन्यांत वजन ४७ झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा जिना चढताना कठडा धरत होत्या, केस गळत होते, आणि उपाशीपोटीची शुगर होती तिथेच. उपासमारीत शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं, आणि त्यांच्याकडे स्नायू आधीच कमी होते. आम्ही उलट केलं. खाणं वाढवलं, प्रथिनं दुप्पट केली, व्यायाम लावला. वर्षभरात वजन ५१ झालं आणि शुगर उतरली. वजन वाढून शुगर कमी झालेली पाहून त्यांचा स्वतःच्या रिपोर्टवर विश्वास बसत नव्हता.

तर तुमचं मुख्य काम स्नायू वाढवणं. काम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलायला इन्सुलिनची वाट बघत नाही, आकुंचन पावताना तो ती स्वतःच ओढून घेतो. आणि एकदा नीट मेहनत झाली की पुढचा एक-दोन दिवस तो इन्सुलिनचंही जास्त ऐकतो. म्हणूनच रविवारी एकदम दोन तास आणि मग आठवडाभर काही नाही, याचा उपयोग कमी. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

चालणं चांगलंच आहे, रोज अर्धा तास चाला. पण तुमच्यासाठी नुसतं चालणं पुरणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. मांड्या, नितंब, पाठ हे मोठे स्नायू थकतील असं काहीतरी आठवड्यातून तीन दिवस हवं. जिमला जाता येत असेल तर उत्तम. नसेल तर आपल्याकडे बैठका आणि जोर पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहाच्या तीन फेऱ्या. ते सोपं वाटू लागलं की खुर्ची काढा. पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी घालून करा. जोर जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून. महत्त्वाचं एवढंच की दर दोन-तीन आठवड्यांनी काम थोडं जड झालं पाहिजे. तेच तेवढंच वर्षभर करत राहिलं तर स्नायू वाढायचं थांबतात. गुडघा, कंबर किंवा छातीची काही तक्रार असेल तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. त्याशिवाय दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, कुठेही. जेवणानंतरची शुगर यानेच किती उतरते ते घरच्या ग्लुकोमीटरवर एकदा स्वतः करून पाहा, मग मला सांगावं लागणार नाही.

खाण्याबद्दल तुम्ही ‘गोड खात नाही’ म्हणालात. मी तुमचा दिवस असा गृहीत धरते: सकाळी पोहे किंवा उपमा, चहा-बिस्किटं, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी चहाबरोबर, रात्री पोळी, भात आणि पातळ आमटी. यात साखर नाही, पण पिष्ट पदार्थांखेरीज फार काही नाही, आणि प्रथिनं तर नावालाच. एक वाटी पातळ आमटीत मूठभरही डाळ नसते. ६२ किलोच्या, व्यायाम करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण ६० ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, मूठभर शेंगदाण्यांत ७, तीस ग्रॅम सोया चंक्समध्ये १५ च्या आसपास. उसळ कोरडसर आणि वाटीभरून, वरण घट्ट, पिठलं भाकरीपेक्षा जास्त, मासे-चिकन खात असाल तर रस्सा कमी आणि फोडी जास्त, एवढ्या बदलांनी बरंचसं जमतं. पोहे सोडू नका. कमी घ्या, त्यात मटार-शेंगदाणे घाला आणि बाजूला दोन अंडी किंवा वाटीभर दही ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं हे प्रमाण लागू नाही, म्हणून क्रिएटिनिन बघून घ्या.

जेवणात आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग पोळी, शेवटी थोडा भात. त्याच जेवणाने शुगर कमी चढते. ज्वारीची भाकरी मैद्यापेक्षा खूप चांगली, पण ‘भाकरी कितीही चालते’ हे खरं नाही. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गूळ आणि मध शुगरच्या हिशेबात साखरच आहेत. कारल्याचा रस, मेथीचं पाणी घ्यायचं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर बैठका चुकवू नका. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे. पोट सुटलेल्या माणसाला तिचा फायदा होताना मी पाहिलाय. तुम्हाला मात्र दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रथिनं बसवणं अवघड जाईल आणि वजन नको तिथून उतरेल, म्हणून तुम्हाला मी ती सुचवणार नाही.

गोळीबद्दल. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच विशेष न केलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम केलेल्यांत ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेतलेल्यांत ४०.५ टक्के, आणि दोन्ही केलेल्यांत ३९.५ टक्के. म्हणजे दोन्ही उपाय जवळपास सारखेच उपयोगी, आणि दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचं काही मिळालं नाही. त्यामुळे ३४ व्या वर्षी, मेहनत करण्याची तयारी असताना, मी लगेच गोळी सुरू करत नाही. दोन तासांची शुगर १८०-१९० आली, किंवा सहा महिने मनापासून करूनही आकडा चढत राहिला, तर मेटफॉर्मिनचा विचार नक्की करेन, आणि त्यात कमीपणा काही नाही. ते घेताना बी-१२ वर लक्ष ठेवावं लागतं, एवढं लक्षात असू द्या. हेही मोकळेपणाने सांगते की चेन्नईतल्याच नंतरच्या एका अभ्यासात, ज्यांची फक्त उपाशीपोटीची शुगर वाढलेली होती आणि दोन तासांची नॉर्मल होती, त्यांना जीवनशैलीतल्या बदलांचा फायदा इतरांपेक्षा बराच कमी दिसला. ग्लुकोजची तपासणी करा असा आग्रह मी धरला त्यामागे हेही कारण आहे.

‘टाइप ५’ हा तुमचा आजार नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला हे नाव दिलं. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांचं मोठं काम आहे. लहानपणापासून पुरेसं खायला न मिळालेल्या, अतिशय कृश तरुणांत तो दिसतो आणि त्यात शुगर खूप चढलेली असते. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

पण एका शक्यतेकडे लक्ष ठेवा. बारीक माणसाची शुगर वाढते तेव्हा दर वेळी ती वडिलांसारख्या टाइप २ चीच सुरुवात असेल असं नाही. टाइप १, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं, तो तिशीतही होतो. माझ्याकडे २९ वर्षांचा एक मुलगा आला होता. दोन महिने दोन-दोन गोळ्या चालू होत्या, वजन आठ किलो उतरलं होतं आणि सगळे ‘पथ्य चांगलं पाळतो’ म्हणत होते. शुगर ४३० आणि लघवीत कीटोन होते, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळत होतं. त्याला पहिल्या दिवसापासून इन्सुलिन हवं होतं. न ठरवता वजन उतरणं, सतत तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, उलट्या, किंवा पोटातून पाठीत जाणारं जुनं दुखणं, यातलं काही झालं तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी शुगर आणि कीटोन तपासा. सध्या यातलं काही नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

शुगर सतत मोजणारा, दंडावर चिकटवायचा सेन्सर लावू का असं तुम्ही शेवटी विचारलंत. सध्या गरज नाही. निरोगी माणसाचीही शुगर पोहे खाल्ल्यावर १४० च्या वर जाऊन येऊ शकते, आणि तो आलेख बघत बसणारे रुग्ण मी आजारापेक्षा भीतीने खंगलेले पाहिले आहेत. ते पैसे चांगल्या बुटांवर आणि डंबेल्सच्या जोडीवर खर्च करा.

आता एक वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख, फितीने मोजलेला घेर आणि न थांबता किती बैठका होतात तो आकडा लिहा. दर १५ दिवसांनी हे दोन आकडे पुन्हा लिहा. वजनही लिहा, पण तिसऱ्या रकान्यात. ते तीन महिने ६२ वरच राहिलं आणि घेर तीन सेंटिमीटरने उतरला, तर चरबी जाऊन स्नायू आले असं समजा. तीन महिन्यांनी एचबीए१सी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. ०.१-०.२ चा फरक यंत्राचाही असू शकतो, त्यामुळे ६.१ चा ६.० झाला तर हुरळून जाऊ नका आणि ६.२ झाला तर खचू नका. ५.८ किंवा त्याखाली आला तर तुमचं शरीर साथ देतंय.

आणि आईला विचारा, जन्मताना तुमचं वजन किती होतं. अडीच किलोच्या आत असेल तर या सगळ्याला आणखी एक दुजोरा मिळेल. तुमचा धाकटा भाऊ तुमच्यापेक्षाही बारीक आहे असं लिहिलंत. त्याच घरात, त्याच आईच्या पोटी जन्मलेला, २९ वर्षांचा, आणि बारीक आहे म्हणून कुणी त्याची शुगर आजवर तपासलेली नसणार. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाताना त्यालाही उपाशीपोटी सोबत घेऊन जा.